पहिले तीन दिवस कुणी मोजले?

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमधले सगळे दिवे मालवतात, अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची उंच मेणबत्ती उजळून ती अंधारातून वेदीपर्यंत नेतात आणि त्यानंतर जो पहिला शास्त्रपाठ होतो तो उत्पत्तीच्या पुस्तकातला पहिला अध्याय असतो. लहानपणापासून मी तो दरवर्षी ऐकत आलो आहे. या वर्षी विधी आटोपून बंदराच्या रस्त्याने घरी परतताना बारावीला विज्ञान शाखेत असलेल्या माझ्या पुतणीने विचारले, "काका, सूर्य तर चौथ्या दिवशी केला. मग पहिले तीन दिवस कुणी मोजले?"

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यातली वीसेक वर्षे रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्गही घेतले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर माझ्या ओठांवर असायला हवे होते. एके काळी ते होतेही. आता ते उत्तर देण्याची मला लाज वाटते, म्हणून "लिहून सांगतो" एवढेच म्हणालो आणि आज ते लिहायला बसलो आहे.

तिचा प्रश्न मुळीच नवा नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत शिकवणाऱ्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता: सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस उजाडला व मावळला, असे कोणता शहाणा माणूस मानील? लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ओरिजेनला हा प्रश्न विचारण्यासाठी दुर्बिणीची गरज पडली नाही आणि विचारल्यामुळे त्याची श्रद्धाही ढळली नाही. त्याच्या मते शास्त्रात, म्हणजे बायबलात, अशा ठेचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, म्हणजे वाचणारा शब्दावरून घसरत पुढे न जाता थांबतो आणि खोल पाहतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना तर ख्रिस्ती लोकांना कडक शब्दांत बजावले आहे, की आकाश, पृथ्वी, ग्रहांची गती यांविषयी इतरेजनांना जे अनुभवाने आणि तर्काने पक्के ठाऊक असते त्याविषयी आपण शास्त्राचा हवाला देऊन काहीबाही बोललो, तर ऐकणारे आपल्याला हसतीलच, पण शास्त्रातल्या ज्या गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत त्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

मी ज्या उत्तराला लाजतो ते असे. सुरुवातीच्या वर्षांत मी धर्मशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने आखत असे. डावीकडे बायबलचे सहा दिवस, उजवीकडे विज्ञानाची सहा युगे. देवाचा दिवस म्हणजे आपला चोवीस तासांचा दिवस नव्हे, नव्वदाव्या स्तोत्रात देवाच्या दृष्टीने हजार वर्षे कालच्या दिवसासारखी आहेत असे म्हटलेच आहे, 'प्रकाश होवो' म्हणजे महास्फोट, आधी पाणी, मग जमीन, मग वनस्पती, मग प्राणी आणि शेवटी माणूस. पाहा, तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे कसे ठाऊक असेल? मुलांना ते आवडे, पालकांना त्याहून आवडे, आणि विज्ञानाचा मास्तर असून माझी श्रद्धा शाबूत आहे हे सगळ्यांना दाखवता येत असल्यामुळे मला स्वतःला ते सर्वांत जास्त आवडे.

एका रविवारी नववीतल्या एका मुलाने माझ्यापुढे एक वही उघडून ठेवली. ती माझ्याच शाळेतल्या तासाला, माझ्याच तोंडून, त्याने उतरवून घेतलेली होती. तिच्यात लिहिले होते, की मासे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी आले आणि फुलाफळांची झाडे फार तर तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वी. बायबलात मात्र फळझाडे तिसऱ्या दिवशी आहेत आणि मासे पाचव्या. पक्षी पाचव्या दिवशी आहेत आणि जमिनीवरचे सरपटणारे प्राणी सहाव्या. जीवाश्मांत पाहावे तर सरपटणारे प्राणी तीस कोटी वर्षांपूर्वीचे सापडतात आणि पक्ष्यांचे सर्वांत जुने अवशेष पंधरा कोटी वर्षांच्या आसपासचे. "सर," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "रविवारचे सर खरे की सोमवारचे?"

त्या दिवशी मी काहीतरी सारवासारव केली. दिवस एकमेकांत मिसळले असतील, क्रम ढोबळ असेल, असे काहीसे बोललो. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरलेलो नाही. शास्त्र आणि विज्ञान यांत विरोध आहे म्हणून तो खट्टू झाला नव्हता. मोठा माणूस आकडे दडपतो आहे हे त्याला दिसले होते. त्यानंतर काही महिन्यांनी शाळेतले माझे एक सहकारी, पंचांगाचे चांगले जाणकार, मोठ्या समाधानाने मला सांगू लागले, की ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षे आणि विज्ञानानुसार पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, तेव्हा आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते. मी मनातल्या मनात हसलो, आणि हसता हसता मला माझा फळा आठवला. त्यानंतर मी ते रकाने पुन्हा कधी आखले नाहीत.

अशी जुळवाजुळव करणारे आम्ही दोघेच होतो असे नाही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या सिद्धांताचे स्वागत करताना, विज्ञान जणू त्या आदिम 'प्रकाश होवो'ची साक्षच देत आहे, अशा अर्थाची मांडणी केली होती. ज्या शास्त्रज्ञाने हा सिद्धांत १९२७ आणि १९३१ साली प्रथम मांडला ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथोलिक धर्मगुरू होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा भौतिकशास्त्राचा सिद्धांत आहे, तो उद्या टिकेल किंवा पडेल, आणि कोणत्याही धार्मिक प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. गळ्यात धर्मगुरूची पट्टी आणि हातात आइन्स्टाइनची समीकरणे असलेला हा माणूस दोन्हींना गाठ मारायला नकार देतो, हे मला कळायला जरा उशीरच झाला.

मग त्या अध्यायाचे करायचे काय? मला आता असे वाटते, की तो ज्या लोकांनी ज्या काळात लिहिला त्यांच्या बाजूने एकदा वाचून पाहावा. बरेचसे अभ्यासक या अध्यायाला आजचे रूप यहुदी लोकांच्या बाबिलोनमधल्या बंदिवासाच्या सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात आले असे मानतात. त्या देशात सूर्य हा शमाश नावाचा देव होता, चंद्र हाही देव होता, आणि मार्दुक देवाने समुद्ररूपी तियामतचे शरीर दुभंगून आकाश व पृथ्वी घडवली अशी सृष्टीची कथा होती. आता उत्पत्तीचा चौथा दिवस वाचा. तिथे सूर्याचे नावसुद्धा घेतलेले नाही. हिब्रू भाषेत सूर्याला 'शेमेश' म्हणतात आणि तो उच्चार शमाशच्या नावाशी जवळचा आहे; लेखक तो टाळतो आणि 'मोठी ज्योती' व 'लहान ज्योती' एवढेच म्हणतो. हरलेल्या, देशोधडीला लागलेल्या लोकांना कुणीतरी सांगत आहे, की तुम्हाला जिंकणारे ज्याच्यापुढे लोटांगण घालतात तो देव नाही, तो टांगलेला दिवा आहे, आणि तोही चौथ्या दिवशी टांगलेला. सूर्य उशिरा येतो यातच सारे बोलणे आहे. पहिल्या तीन दिवसांत उजेड, आकाश-पाणी आणि जमीन अशी तीन घरे बांधली जातात. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या घरांत दिवे, पक्षी-मासे आणि प्राणी-माणसे राहायला येतात. ही रचना आहे, रोजनिशी नव्हे.

यावर माझी पुतणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवे, की मग जे अडचणीचे ते काव्य आणि जे सोयीचे ते सत्य, ही चांगली पळवाट झाली. म्हणून तिच्या परिचयाच्या गोष्टींकडे येतो.

आमच्या पाचूबंदरच्या बाजारात कोळंबी, चिंबोरी, माकुल, तिसऱ्या, बोंबील असे सगळे मासळी म्हणून विकले जाते. प्राणिशास्त्राने पाहिले तर यातला फक्त बोंबील मासा आहे. देवमाशाच्या नावातच मासा आहे, पण तो पिलांना दूध पाजतो. म्हणून माझी आई अडाणी होती किंवा खोटे बोलत होती असे कुणी म्हणणार नाही. तिची विभागणी टोपलीची होती. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत आहे, कारण तिथला हिब्रू शब्द पंखांनी उडणाऱ्या सगळ्यांना लागू पडतो आणि ती यादी काय खावे व काय खाऊ नये याची आहे. मोहरीचा दाणा सर्व बियांत लहान, असे प्रभू येशू म्हणतात; आपल्या रानात आंब्या-फणसाच्या खोडांवर फुलणाऱ्या सीतेच्या वेणीचे बी धुळीसारखे असते आणि मोहरी त्यापुढे डोंगर ठरेल. पण गालीलच्या शेतकऱ्यापुढे बोलताना त्याच्या मुठीतलेच बी घ्यावे लागते. राईचा पर्वत करू नये असे आपणही म्हणतो, तेव्हा कुणी मोजपट्टी घेऊन येत नाही. शलमोनाच्या मंदिरातल्या काशाच्या गंगाळाचा व्यास दहा हात आणि घेर तीस हात असल्याचे राजांच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. भूमितीप्रमाणे तो साडेएकतीस हातांच्या आसपास भरायला हवा. ज्याने कधी विहिरीचा घेर हाताने मोजला आहे त्याला यात फारसे काही खटकणार नाही.

यहोशवाच्या पुस्तकातला सूर्य मात्र इतक्या सहज सुटत नाही, कारण त्याच्यापायी एका माणसाला गुडघे टेकावे लागले. गिबोनच्या लढाईत इस्राएलचा सेनानी यहोशवा याने "सूर्या, स्थिर हो" म्हटले आणि सूर्य थांबला, असे दहाव्या अध्यायात आहे. थांबला म्हणजे आधी चालत होता, तेव्हा पृथ्वी फिरते असे म्हणणे शास्त्राविरुद्ध आहे, असा युक्तिवाद गॅलिलिओविरुद्ध केला गेला. त्याने १६१५ साली ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेऊन उत्तर दिले, आणि एका थोर धर्माधिकाऱ्याचे म्हणून एक वाक्य उद्धृत केले, ज्याचा आशय असा: पवित्र आत्मा आपल्याला स्वर्गाला कसे जावे हे शिकवतो, स्वर्ग कसा चालतो हे नव्हे. मराठीत या वाक्याची गंमत थोडी हरवते, कारण 'स्वर्ग' आणि 'आकाश' असे दोन शब्द आपल्याकडे आहेत. हिब्रूत दोन्हींना एकच शब्द आहे, 'शमायिम', आणि मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. पुढच्याच वर्षी, १६१६च्या मार्चमध्ये, रोमने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी घातली. त्याच साली इकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले आणि आदाम-हव्वेची कथा मराठी ओवीत गायली जाऊ लागली. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली, आणि त्या खटल्यात ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांची चूक झाली होती असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी उघडपणे म्हणेपर्यंत १९९२ साल उजाडले.

इथे कोळ्याच्या पोराला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील शाळेत दुसरीपर्यंत गेले होते. भरतीची वेळ ते तोंडी काढत: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, अमावास्येनंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यांच्या हिशेबात चंद्र होता आणि दिवसातून दोन भरत्या होत्या. गॅलिलिओने पृथ्वी फिरते हे सिद्ध करण्यासाठी जो सर्वांत मोठा पुरावा म्हणून मांडला तो भरती-ओहोटीचाच होता: पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्राचे पाणी हिंदकळते, चंद्राचा काही संबंध नाही. चंद्राचे नाव घेणाऱ्या केप्लर या समकालीन खगोलशास्त्रज्ञाचे त्याने आश्चर्यही व्यक्त केले होते. त्याच्या मूळ हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी, आणि दुसरीसाठी त्याला समुद्राच्या खोलगटपणाची वगैरे कारणे जोडावी लागली. म्हणजे शास्त्र कसे वाचावे याबाबतीत तो शास्त्रज्ञ बरोबर होता, पृथ्वी फिरते याबाबतीतही बरोबर होता, आणि ज्या पुराव्यावर त्याने भिस्त ठेवली तो चुकीचा होता. भरती-ओहोटीचा नीट उलगडा १६८७ साली न्यूटनने केला. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते जाळे विणता विणता म्हणाले, "त्याला एकदा होडीवर घ्यायला हवा होता." तेच वडील रोज संध्याकाळी सूर्य बुडाला म्हणत आणि त्या म्हणण्यामुळे त्यांची होडी कधी वाट चुकली नाही. यहोशवाचा लेखक जे बोलला ते याच भाषेत बोलला. लढाईच्या त्या दिवशी आकाशात प्रत्यक्ष काय झाले हे प्रकरण निराळे, आणि ते वचन एका जुन्या वीरगीतांच्या संग्रहातून घेतल्याचे यहोशवाच्या पुस्तकातच नमूद आहे, हे मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

विज्ञान बाजूला ठेवले तरी शास्त्र स्वतःशीच कुठे कुठे जुळत नाही, आणि तिथे भाषेची सबब चालत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस, नर व नारी मिळून, शेवटी. दुसऱ्यात पुरुष आधी, मग बाग, मग प्राणी आणि शेवटी स्त्री. दावीदाने केलेल्या शिरगणतीत शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख लढवय्ये आहेत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की ती शिरगणती करण्याची प्रेरणा एका ठिकाणी देवाने दिली आणि दुसऱ्या ठिकाणी सैतानाने. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत मत्तयाच्या शुभवर्तमानात गळफास घेतो आणि प्रेषितांच्या कृत्यांत कोसळून पोट फुटून मरतो. आमच्या लहानपणी फळीवर बसवून आम्हाला शिकवीत, की आधी फास घेतला आणि मग दोर तुटला. दोर तुटल्याचे दोन्हींपैकी कुठेच लिहिलेले नाही. तो शिकवणाऱ्यांनी तोडला.

संकलन करणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही. दोन सृष्टिकथा एकीला लागून एक ठेवल्या आहेत, मध्ये पानही उलटावे लागत नाही. एक खोडून दुसरी ठेवली असती तर धर्मशिक्षणाच्या शिक्षकांचे काम केवढे सोपे झाले असते. त्यांनी तसे केले नाही, कारण दोन्ही त्यांना मिळालेल्या होत्या आणि मिळालेले फेकण्याचा अधिकार आपला नाही असे त्यांना वाटत असावे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात म्हटले, की देवाने आपल्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवावे असे इच्छिले ते शास्त्र निश्चितपणे शिकवते, आणि लेखकाचा हेतू ओळखायचा तर त्याने कोणता लेखनप्रकार वापरला हे पाहावे. 'तारणासाठी' हा शब्द तिथे नुसता शोभेला ठेवलेला नाही.

एवढे लिहून सगळे सुटले असे म्हटले तर पुन्हा फळ्यावर रकाने आखल्यासारखेच होईल. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले तेव्हा या पट्टीतल्या होड्या समुद्रात होत्या. हवामानशास्त्राने अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचे वर्णन केले आणि ते बरोबर होते. त्यानंतरच्या एका रविवारी चर्चमध्ये मी शेजारी बसलेल्या एका बाईंना रडताना पाहिले, आणि वाऱ्याला धमकावून शांत करणाऱ्या येशूचा पाठ कधी वाचनात आला की मला आजही त्यांची आठवण होते. सूर्याच्या चौथ्या दिवसाने माझी झोप कधी उडाली नाही. या पाठाने उडाली आहे, आणि त्यावर ओरिजेन किंवा ऑगस्टीन कुणीही मला पुरेसा पडलेला नाही.

काल पुतणीचा दुसरा प्रश्न फोनवर आला. "काका, आदामची आई कोण?" तिच्या वर्गात आनुवंशिकता चालू आहे. आजच्या मानवाचे पूर्वज कधीही दोन माणसांइतके कमी झाले नव्हते, हजारोंचा समूह होता, असे जनुकांवरून दिसते, हे तिने वाचले आहे. १९५० साली बाराव्या पायसांनी आपल्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला मोकळीक दिली, पण अनेक आदिपुरुष होते हे मत आदिपापाच्या, म्हणजे आदामाचे पाप साऱ्या माणसांकडे वारशाने येते या, शिकवणुकीशी कसे जुळेल हे दिसत नाही, असेही तिथेच लिहिले. संत पौल रोमकरांस लिहिताना एका माणसामुळे पाप जगात आले म्हणतात आणि सगळा युक्तिवाद त्या 'एका'वर उभा करतात. आदाम म्हणजे हिब्रूत नुसते 'माणूस', हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्याने पौलांचे वाक्य सुटत नाही आणि तिला ते लगेच कळेल.

आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. भरतीला बंदरावर भेटू असे तिने कळवले आहे. तोवर रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुन्हा एकदा वाचून ठेवतो.